शॅम्पेनचं बूच कोणी उचललं? रेमंड कार्व्हरची ‘एरँड’ ही कथा आणि ‘एलिफंट’ हा संग्रह

मी ३४ वर्षं स्टाफ नर्सची नोकरी केली. त्यातली १९ वर्षं टीबी वॉर्डात गेली, मिरजेच्या बाजूला. उंच छत, मोठ्या खिडक्या, दोन खाटांमध्ये मुद्दाम राखलेलं अंतर आणि प्रत्येक खाटेखाली झाकणाचा डबा. त्या डब्यात काय पडलं, किती पडलं, रंग कसा होता, हे बघून कागदावर लिहिणं हे माझं रोजचं काम. म्हणून गोष्टीत कुणी खोकायला लागलं की माझं लक्ष आधी त्या डब्याकडे जातं. ज्या पुस्तकाबद्दल लिहितेय ते मी असंच वाचलं, वॉर्डातली सिस्टर म्हणून.

पुस्तकाचं नाव ‘एलिफंट’. रेमंड कार्व्हर या अमेरिकन कथाकाराचा हा छोटा संग्रह १९८८ सालचा. सात कथा, हातात हलका, प्रवासात पर्समध्ये मावतो. त्यातली शेवटची कथा ‘एरँड’, आणि ती रशियन लेखक आंतोन चेकॉव्हच्या मरणावर आहे. माझ्या मते त्या एका कथेसाठी हे पुस्तक घ्यावं. मी जुनी प्रत मागवली होती. विकणाऱ्यानं ‘उत्तम स्थिती’ असं लिहिलं होतं. हातात आली तेव्हा पाठीचा डिंक सुटलेला आणि शेवटची आठ-दहा पानं मोकळी झालेली, म्हणजे नेमकी हीच कथा. मी ती पानं सुईदोऱ्यानं शिवून घेतली. तुम्ही शक्य असेल तर नवीच घ्या.

चेकॉव्ह मला नर्सिंग हॉस्टेलपासून ओळखीचा. त्या काळी रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरं अगदी स्वस्तात मिळायची आणि आमच्या कपाटात ती फिरत असायची. त्याच्या गोष्टींत डॉक्टर खूप असतात, दमलेले, स्वतःवर चिडलेले डॉक्टर, आणि रात्रपाळीहून आल्यावर ते वाचताना मला ते आमच्याच आवारातले वाटायचे. तो स्वतः मॉस्को विद्यापीठातून १८८४ साली डॉक्टर झाला. त्याच वर्षी त्याला पहिल्यांदा खोकल्यातून रक्त पडलं. आणि या माणसानं, जो दुसऱ्यांच्या छाती तपासत गावोगाव फिरला, १८९२ च्या कॉलऱ्यात पंचवीस गावांची जबाबदारी ज्यानं घेतली, त्यानं स्वतःची छाती तेरा वर्षं कुणाला नीट तपासू दिली नाही. मला याचा राग येतो, अजूनही. असे पेशंट मी फार पाहिलेत. त्यात शिकलेले जास्त.

कार्व्हरची कथा तिथूनच सुरू होते. २२ मार्च १८९७, मॉस्कोतलं मोठं हॉटेल. चेकॉव्ह आपल्या मित्राबरोबर, सुवोरिन नावाच्या वर्तमानपत्राच्या मालकाबरोबर जेवायला बसलाय आणि अचानक त्याच्या तोंडातून रक्त यायला लागतं. सुवोरिन आणि हॉटेलचे दोन वेटर त्याला धरून बाजूला नेतात आणि बर्फ लावून रक्त थांबवायचा प्रयत्न करतात. पहिल्या वाचनात मी हे दोन वेटर ओलांडून पुढे गेले. दुसऱ्यांदा थबकले. का, ते पुढे सांगते.

मग इस्पितळ. बहीण मारिया भेटायला येते, तेव्हा टेबलावर फुप्फुसांचं एक चित्र पडलेलं असतं आणि वरचा भाग लाल रंगवलेला असतो. या एका ओळीवर मी बराच वेळ थांबले. आमच्याकडे एक्स-रे असायचा, तरी पेशंटच्या नातेवाइकांना समजावताना डॉक्टर केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला असंच चित्र काढायचे. दोन लांबट पिशव्या, आणि वरच्या टोकाला पेनानं गिरवलेला काळा डाग. बाया त्या चित्राकडे बघायच्या आणि पदर तोंडावर घ्यायच्या. एक्स-रे बघून कुणी रडल्याचं मला आठवत नाही. हातानं काढलेलं चित्र बघून रडायची माणसं. कार्व्हर मारियाच्या मनात काय आलं याचं लांबण लावत नाही. चित्र दाखवतो आणि पुढे जातो. हे त्याला कुठून कळलं असेल, मला नवल वाटतं.

टॉलस्टॉय भेटायला येतो. एवढा मोठा माणूस, त्याला दारात अडवणार कोण? येऊन बसतो आणि आत्म्याच्या अमरत्वावर बोलतो, आणि ज्याची छाती रक्तानं भरलीय त्यानं ते निमूट ऐकून घ्यायचं. हा प्रसंग खरा घडलेला आहे आणि कार्व्हर तो अतिशय आदरानं लिहितो, दोघांबद्दलही. माझ्यातल्या सिस्टरला मात्र तिथं घंटा वाजवून भेटायची वेळ संपली असं सांगावंसं वाटलं.

१९०४ चा जून महिना. चेकॉव्ह आणि त्याची बायको ओल्गा क्निपर, मॉस्को आर्ट थिएटरची नटी, जर्मनीत बाडेनवायलरला जातात. ब्लॅक फॉरेस्टच्या कडेचं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. क्षयावर तेव्हा औषध नव्हतंच. जर्मन डॉक्टर कॉखनं जंतू शोधून काढला १८८२ साली, पण त्याला मारणारं स्ट्रेप्टोमायसिन आलं १९४३ मध्ये. मधली साठ वर्षं हवा, दूध, विश्रांती. चेकॉव्हला तर लग्न झाल्या झाल्या घोडीचं आंबवलेलं दूध प्यायला पाठवलं होतं, मधुचंद्र तिथंच. आमच्या काळात औषध होतं, आणि तरी पेशंट घाबरायचे. रिफाम्पिसिन सुरू झालं की लघवी केशरी होते. नव्या पेशंटला आधी सांगून ठेवलं नाही तर पहाटे संडासातून ओरडत यायचे, सिस्टर, आता खालूनपण रक्त सुरू झालं! त्या ओरडण्याचंही मला कौतुक वाटायचं, कारण ओरडणारा पेशंट जगणार असायचा. चेकॉव्हसाठी असं काहीच नव्हतं.

बाडेनवायलरमध्ये तो घरी पत्रं लिहितो, बरं वाटतंय, वजन वाढतंय. मरायला थोडे दिवस उरलेत आणि हा माणूस रेल्वेची वेळापत्रकं बघतोय, मार्सेयहून ओडेसाला बोट कधी सुटते ते विचारतोय. आमच्या वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर एक शेतकरी होते. दोन्ही फुप्फुसं गेलेली, औषधं लागू पडत नव्हती. जेठ महिन्यात त्यांनी मला विचारलं, सिस्टर, आळंदीची पालखी कधी निघती औंदा? मी तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाले, मग मला फलटणला गाठता येईल. मी हो म्हणाले. पालखी निघायच्या आत ते गेले. कार्व्हरनं ती वेळापत्रकं ठेवलीत याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मरणाऱ्या माणसाला सगळं ठाऊक असतं आणि तरी तो गाडीची वेळ विचारतो. या दोन्ही गोष्टी एकाच मनात असतात. हे बाहेरच्यांना पटवून सांगता येत नाही, या कथेत ते तीन-चार वाक्यांत आलंय.

आता ती रात्र. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २ जुलै, आपल्या पंचांगाप्रमाणे १५ जुलै १९०४. मध्यरात्रीनंतर चेकॉव्ह स्वतः डॉक्टरला बोलवायला सांगतो. डॉक्टर श्वोरर येतात. इंजेक्शन देतात, उपयोग होत नाही. ऑक्सिजन मागवायचं चाललेलं असतं, तेव्हा चेकॉव्ह शुद्धीवर येऊन म्हणतो, कशाला, तो येईपर्यंत मी प्रेत झालेलो असेन. मग डॉक्टर आपल्या मोठ्या मिशा ओढत त्याच्याकडे बघत उभे राहतात. करण्यासारखं काही उरलेलं नाही. ते भिंतीवरच्या टेलिफोनपाशी जातात, तो कसा वापरायचा याच्या सूचना वाचतात, दांडी फिरवतात आणि हॉटेलातली सगळ्यात चांगली शॅम्पेन मागवतात. खालून विचारणा होते, ग्लास किती? डॉक्टर ओरडतात, तीन ग्लास! आणि लवकर!

मी ही जागा सगळ्यांना वाचून दाखवते. औषधं संपल्यावर डॉक्टरनं काय करायचं हे आम्हाला कुठल्याही वर्गात शिकवलं नाही. मी डॉक्टरांना त्या क्षणी केसपेपर चाळताना पाहिलंय, खिडकीबाहेर बघताना पाहिलंय, नातेवाइकांवर डाफरताना पाहिलंय. त्या प्रत्येकाच्या मागची असहायता मला कळत होती. श्वोरर तीन ग्लास मागवतात. पेशंटला, बायकोला आणि स्वतःला. तिसरा ग्लास मला फार मोठा वाटतो. त्याचा अर्थ डॉक्टर निघून जाणार नाही, इथंच बसणार आहे.

शॅम्पेन येते. चेकॉव्ह म्हणतो, फार दिवसांनी शॅम्पेन प्यायलो. ग्लास रिकामा करतो, कुशीवर वळतो, आणि थोड्या वेळात श्वास थांबतो. हे सगळं ओल्गाच्या आठवणींत आहे, दिव्यावर धडकणारा तो मोठा काळा पतंगही तिथलाच आणि बाटलीचं बूच मागाहून आपोआप उडालं तेही. कार्व्हरनं आंरी त्रोया यांनी लिहिलेलं चेकॉव्हचं चरित्र वाचलं होतं, तिथं त्याला ही शॅम्पेन सापडली आणि त्यातून कथा सुचली.

पण शॅम्पेन वर कोणी आणली? चरित्रात बाटली दिसते, आणणारे हात दिसत नाहीत. कार्व्हर ते हात तयार करतो. सोनेरी केसांचा एक पोरगेला नोकर, झोपेतून उठून आलेला, केस उभे राहिलेले, पँटची इस्त्री मोडलेली, घाईत जाकिटाचं एक बटण लावायचं राहिलेलं. बस, एवढंच त्याचं वर्णन. ट्रे ठेवतो आणि जातो. सकाळी तोच मुलगा परत येतो, आता दाढी केलेली, केस विंचरलेले, सगळी बटणं लावलेली, हातात चिनी मातीची फुलदाणी आणि तिच्यात तीन पिवळे गुलाब. त्याला ग्लास न्यायचेत आणि आज उकाड्यामुळे नाश्ता बागेत आहे हे सांगायचंय. आत काय झालंय ते त्याला माहीत नाही. ओल्गा त्याला थांबवते, पैसे देते आणि काम सांगते. अंत्यविधीची तयारी करणारा माणूस शोधून आण, धावू नकोस, गडबड करू नकोस, असं समज की तुझ्या हातात फुलदाणी आहे आणि ती तुला कुठंतरी नेऊन पोचवायचीय.

तो मुलगा ऐकतोय. पण त्याचं अर्धं लक्ष जमिनीवर आहे, कारण त्याच्या बुटाच्या टोकाशी रात्रीचं बूच पडलंय.

‘एरँड’ला मराठीत काय म्हणायचं यावर मी दोन दिवस घालवले. कामगिरी म्हटलं तर फौजदारी वाटतं. निरोप म्हटलं तर अर्धंच येतं. हेलपाटा म्हटलं तर त्यात कंटाळा येतो. शेवटी मला वॉर्डच आठवला. आमच्याकडे वॉर्डबॉयला सगळे मामा म्हणतात, पेशंट, डॉक्टर, सिस्टर, सगळे. रात्री खाट रिकामी झाली की मी दारापाशी जाऊन एवढंच म्हणायचे, “मामा, जरा काम आहे.” त्या ‘काम’ शब्दात सगळं यायचं. चादर, कापूस, पट्टी, ढकलगाडी, खालच्या मजल्यावरचं कुलूप, नातेवाइकांना चहा. मामा कधी ‘कसलं काम’ असं विचारायचे नाहीत. माझ्या आवाजावरून ओळखायचे. माझ्यासाठी या कथेचं नाव ‘काम’ आहे.

तेव्हा ते दोन वेटर मला नव्यानं दिसले. कथेच्या सुरुवातीला दोन बिननावाची माणसं रक्तावर बर्फ धरून उभी आहेत, आणि शेवटी एक बिननावाचा मुलगा गुलाब धरून उभा आहे. मध्ये चेकॉव्ह, टॉलस्टॉय, सुवोरिन, क्निपर, जगाला ठाऊक असलेली नावं. कथा हळूहळू त्या मोठ्या नावांकडून सरकत सरकत या मुलाच्या बोटांपर्यंत येते आणि तिथंच संपते. तो गुलाब न सोडता, खाली न बघता वाकतो आणि बूच मुठीत घेतो. थोर लेखकाचं मरण पुन्हा लिहायचं तर त्याच्या उशाशी कॅमेरा लावून बसणारे पुष्कळ. पण चेकॉव्हनं आयुष्यभर नोकर, गाडीवान, दाया, कारकून यांच्याच गोष्टी लिहिल्या, तेव्हा त्याच्या मरणाच्या खोलीतला नोकर त्याच्याच गोष्टीतला असणार, हे कार्व्हरला उमगलं. मला वाटतं चेकॉव्हला याहून चांगला मान कुणी दिला नसेल.

हा मुलगा इतका खरा उतरलाय की चेकॉव्हच्या नंतरच्या एका इंग्रजी चरित्रात तो, त्याच्या चुरगळलेल्या कपड्यांसकट, घडलेली गोष्ट म्हणून शिरला. जॅनेट माल्कम यांनी चेकॉव्हवरच्या आपल्या पुस्तकात हे दाखवून दिलं. चरित्रकाराचं चुकलंच. पण ती चूक कशी झाली असेल ते मला समजतं. शॅम्पेन आपल्या पायांनी जिना चढून येत नाही. कुणीतरी आणली असणारच, आणि तो कुणीतरी असाच झोपमोड झालेला असणार.

कार्व्हरनं काय सोडलं तेही बघण्यासारखं आहे. चेकॉव्हचा देह मॉस्कोला नेला तो थंड मालडब्यातून, आणि त्या डब्यावर ‘शिंपले’ असं लिहिलेलं होतं. त्याचा लेखक-मित्र गॉर्की संतापला होता. स्टेशनवर काही लोक चुकून दुसऱ्याच शवपेटीमागे चालत गेले, ती मंचुरियाहून आणलेल्या एका सेनापतीची होती. कुठल्याही लेखकाला हे लिहायचा मोह पडेल. कार्व्हर हॉटेलच्या खोलीतून बाहेर पडतच नाही.

मला खटकलेलंही सांगते. सुरुवातीची तीन-चार पानं चरित्रासारखी वाटतात. सुवोरिन कोण, त्याचे वडील कोण, त्याचे विचार काय, हे वाचताना चेकॉव्ह अजिबात न वाचलेला माणूस पुस्तक मिटवून ठेवील. तसं करू नका, बाडेनवायलर येईपर्यंत धीर धरा. आणि ओल्गा मला थोडी दुरून काढलेली वाटली. रात्रभर एकटी मृत नवऱ्याजवळ बसलेली बाई, तिच्या हातांचं काय झालं, ती कधी उठली, पाणी प्यायली का, यातलं मला आणखी हवं होतं.

बाकीच्या सहा कथांचा चेकॉव्हशी काही संबंध नाही, त्या अमेरिकेतल्या साध्या, ओढग्रस्तीच्या घरांच्या आहेत. त्यातली एक मात्र नर्सेसनी जरूर वाचावी. पहाटे चुकीच्या नंबरचा फोन येतो, नवरा-बायकोची झोप जाते आणि बोलता बोलता विषय निघतो की मी मशीनवर असेन तर तू ते बंद करशील का. हा प्रश्न मी आयसीयूच्या बाहेर बाकड्यावर शेकडो घरांना पडलेला पाहिलाय, पण तिथं तो मोठ्यानं कुणी बोलत नाही. शीर्षककथेतला माणूस भावाला, आईला, मुलीला, मुलाला, घटस्फोटित बायकोला सगळ्यांना पैसे पाठवत राहतो. ती वाचताना मला माझा भाऊ आठवला. ‘मेन्यूडो’ दोनदा वाचली, पण मला पकडता आली नाही.

इंग्रजीची भीती बाळगू नका. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. वाक्यं लहान आहेत, शब्द रोजचे आहेत. शब्दकोश शेजारी ठेवला होता, पण ‘एरँड’साठी दहा-बारा वेळाच उघडावा लागला. अक्षर बारीक आहे, साठीच्या पुढच्यांनी दिव्याखाली बसावं.

एक गोष्ट मला पुस्तक संपल्यावर कळली आणि मी रात्री झोपू शकले नाही. ही कथा १९८७ च्या जूनमध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात छापून आली. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत कार्व्हरला स्वतःला खोकल्यातून रक्त पडलं. फुप्फुसाचा कॅन्सर. फुप्फुसाचा मोठा भाग काढला, तरी २ ऑगस्ट १९८८ ला तो गेला, पन्नासाव्या वर्षी. रक्त, ते लाल रंगवलेलं चित्र, ती वेळापत्रकं, हे सगळं त्यानं लिहिलं तेव्हा त्याला स्वतःबद्दल काही ठाऊक नव्हतं. आणि चेकॉव्ह डॉक्टर असून तेरा वर्षं बघायचं टाळत होता.

मागच्या महिन्यात मी आमच्या वॉर्डच्या मामांकडे गेले होते. आता सत्तरी ओलांडलीय, गुडघे गेलेत, मुलाच्या दुकानाच्या ओट्यावर बसून असतात. मी त्यांना ही कथा मराठीत सांगितली, सगळी, हॉटेलपासून बुचापर्यंत. चेकॉव्ह कोण हे त्यांनी विचारलं नाही. मोठा डॉक्टर होता आणि गोष्टी लिहायचा, एवढ्यावर त्यांचं समाधान झालं. तो मुलगा वाकतो तिथं मात्र ते पुढे सरकून बसले.

“फुलं हातातच?”

“हातातच.”

“मग बूच खिशात घातलं आसंल त्यानं,” मामा म्हणाले. “ती बाई समोर हुबी हाय. तिच्या देखत टोपलीत कसं टाकायचं, सिस्टर?”